सीएफ कुठे करू? शाळा की नर्सिंग होम? (स्पीच थेरपी, अमेरिका)

जिव्हाळा | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतेय.

मुंबईत बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण विषयातली पदवी) केलं, मग नाशिकला एका इस्पितळात दोन वर्षं काम. आता ओहायोत मास्टर्स संपलं. प्रॅक्सिस ही या क्षेत्राची परीक्षाही झाली, १६२ लागतात, मला १७४ मिळाले. आता राहिली क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे सीएफ. या क्षेत्राबाहेरच्यांसाठी: मास्टर्सनंतरचं पहिलं वर्ष, पगार मिळतो पण एका मेंटॉरच्या देखरेखीखाली. किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास. ते पार पडलं की आशाचं सीसीसी सर्टिफिकेट मिळतं आणि मग स्वतःच्या पायावर.

हातात दोन ऑफर आहेत.

एक, ओहायोतल्याच एका छोट्या गावातल्या शाळा. पगार बेताचा. ५५ मुलं. मेंटॉर त्याच इमारतीत, बावीस वर्षं अनुभवी. पण काम सुरू होणार १५ ऑगस्टला.

दोन, टेक्सासात एका एजन्सीमार्फत नर्सिंग होम. ताशी १४ डॉलर जास्त. लगेच सुरू. दोन इमारतींत फिरायचं. मेंटॉर दुसऱ्या शहरात, "गरज पडेल तशी येईल" म्हणे.

मला पुढे गिळण्याच्या तक्रारींवर, म्हणजे डिस्फेजियावरच काम करायचंय. शाळेत ते फारसं मिळणार नाही. त्यात माझी ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करायची मुदतीची परवानगी) १० जूनला सुरू होतेय, घड्याळ चालू. घरचे म्हणतात जास्त पैसे देतोय तो घे. काय करू?

निवांत नाना | १२ मे, रात्री १०:०५

आशाचं सर्टिफिकेट? आमच्या गावात आशाताई घरोघरी जाऊन लसीकरणाची आठवण करतात. त्या अमेरिकेतही पोचल्या का?

जिव्हाळा | १२ मे, रात्री १०:११

नाना :D ही आशा वेगळी, अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांची आणि ऑडिओलॉजिस्टांची संघटना. १९२५ साली स्थापन झालेली, मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला मुख्यालय. दरवर्षी फी घेते, त्यामुळे आपण आशेवर आणि ती आपल्यावर.

टेक्सासची ठकू | १२ मे, रात्री ११:३०

नर्सिंग होम घे. सरळ सांगते. मी तिथेच सीएफ केली, आज एका मोठ्या इस्पितळात आहे. सीएफ शाळेत केलीस की शिक्का बसतो. नंतर मेडिकलला अर्ज केला की विचारतात, प्रौढ पेशंट कधी पाहिले? आणि मेंटॉरचं फार मनावर घेऊ नकोस, शेवटी सहीचा मामला आहे. माझी मेंटॉर मला महिन्यातून एकदा भेटायची, कॉफी प्यायचो, सही करायची.

मेरीलँडची माई | १३ मे, सकाळी ६:५०

ठकूबाई, सकाळी सकाळी चहा सांडला तुमचं वाचून. सहीचा मामला??

मी स्वतः गेली अकरा वर्षं सीएफच्या मुली-मुलांची मेंटॉर आहे. नियम नीट सांगते. ३६ आठवड्यांचे १२-१२ चे तीन टप्पे. प्रत्येक टप्प्यात मेंटॉरने निदान ६ तास प्रत्यक्ष काम बघायचं आणि वर ६ वेळा इतर देखरेख: रिपोर्ट तपासणं, चर्चा, सहकाऱ्यांशी बोलणं. एकूण १८ आणि १८. एका दिवसात ६ तासांपेक्षा जास्त बघितलेलं मोजत नाहीत, म्हणजे शेवटच्या आठवड्यात येऊन उरकून टाकू असं चालत नाही. मेंटॉरकडे स्वतःचं चालू सीसीसी हवं, ते मिळाल्यानंतर नऊ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव हवा, आणि देखरेख कशी करायची याचं २ तासांचं प्रशिक्षण हवं. नातेवाईक चालत नाही.

माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगी आली रडत. आधीच्या ठिकाणच्या मेंटॉरने सर्टिफिकेटचं नूतनीकरणच केलं नव्हतं. अकरा आठवडे मातीत. पोरीचा काय दोष? तिने विचारलं नव्हतं एवढाच.

जिव्हाळा, तू दोघांनाही एकच प्रश्न लेखी विचार: मेंटॉरचं नाव काय, आणि पहिली तीन निरीक्षणं कोणत्या तारखांना. नाव पडताळून बघ, आशाच्या संकेतस्थळावर सोय आहे. पगाराचं नंतर.

टेक्सासची ठकू | १३ मे, सकाळी ८:१५

माई, नियम मलाही पाठ आहेत. प्रत्यक्षात काय चालतं ते सांगितलं. नियम पाळू नका म्हटलेलं नाही.

अळूवडी | १३ मे, सकाळी ९:०२

प्रत्यक्षात चालतं म्हणून पुढच्या पोरीला तसंच कर सांगायचं? आपल्याकडे रॅगिंगचंही असंच चालतं, आम्ही सोसलं, तू सोस.

शेवंताचा भाऊ | १३ मे, दुपारी १:२०

थोडा अवांतर प्रश्न. न्यू जर्सीत राहतो. मुलगा सव्वातीन वर्षांचा. घरी मराठी, डेकेअरला इंग्रजी. 'बाळ' ला 'बाल', 'कावळा' ला 'कावला' म्हणतो. इथला डॉक्टर म्हणाला घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळ होतोय. आईने (त्याच्या आजीने) फोनवर रडून घेतलंय. खरं आहे का हे?

गोदाकाठ | १३ मे, दुपारी २:४५

शेवंताचा भाऊ, पुण्यात पंधरा वर्षं स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून बोलते. मूल न बघता निदान कुणीच सांगू नये, मीही सांगणार नाही. पण दोन गोष्टी. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं किंवा बिघडतं हा समज चुकीचा आहे, 'घरची भाषा बंद करा' हा सल्लाही. ज्या भाषेत तुम्ही मोकळे बोलता तीच मुलाशी बोला. तुमच्या मोडक्या इंग्रजीपेक्षा आजीची मराठी त्याच्या कामाची. (मोडकं म्हटल्याबद्दल क्षमस्व.)

दुसरं, ळ मुलांना उशिरा येणाऱ्या आवाजांपैकी आहे. सव्वातीनला 'कावला' म्हणणारी पोरं माझ्याकडे रोज येतात. पण आधी कान तपासून घ्या. ते सगळ्यात आधी, नेहमी. आणि बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कितपत कळतं ते बघा. नातेवाईकांना नको विचारू, त्यांना सगळंच कळतं.

पुणेरी पगडी | १३ मे, दुपारी ३:१०

ळ न येणारे मोठेही आहेत. 'शाला' म्हणणारे निवेदक टीव्हीवर रोज दिसतात, त्यांना कुठे पाठवायचं ते सांगा.

खट्याळ पोपट | १३ मे, दुपारी ३:१४

सीएफच्या ५५ मुलांत घाला.

जिव्हाळा | १३ मे, रात्री ८:३०

@गोदाकाठ ताई, छान सांगितलंत. @माई, आज दोन्हीकडे मेल टाकली.

आणखी एक मनातलं विचारू का? माझा उच्चार. शाळेच्या मुलाखतीत पालक प्रतिनिधी होत्या, त्यांनी फार गोड आवाजात विचारलं, "मुलांना व्ही आणि डब्ल्यू शिकवताना तुम्हाला अडचण नाही ना येणार?" मी उत्तर दिलं, पण घरी येऊन आरशासमोर वाइन-व्हाइन करत बसले. नाशिकची पोरगी आणि वाइनवर अडखळते, काय म्हणावं.

शब्दवेल्हाळ | १३ मे, रात्री ९:२२

:D :D नाशिकची असून वाइन!

आता गंभीर. मी शिकागोत आहे, मूळची सोलापूरची, उच्चार अजून सोलापुरीच. आशाने १९९८ मध्येच भूमिका मांडलीय की उच्चार वेगळा आहे म्हणून कुणाला या व्यवसायातून बाहेर ठेवता येत नाही. पेशंटला जो आवाज हवा तो तुम्हाला ओळखता आणि करून दाखवता आला पाहिजे, एवढी अपेक्षा. रोजच्या बोलण्यात तो आला पाहिजे असं नाही.

आपला 'व' हा ना त्यांचा व्ही ना डब्ल्यू, मधलाच. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकून हवा घासायची, डब्ल्यूला ओठांचा चंबू. मी मुलांना सांगते, ससा आणि मासा. व्हीला सशाचे दात, डब्ल्यूला माशाचं तोंड. उलट फायदा असा की आपल्याला हे जाणीवपूर्वक शिकावं लागलं, म्हणून शिकवता येतं. जन्मजात बोलणाऱ्याला सांगताच येत नाही की तो जिभेचं काय करतो. थ चंही तेच, आपला थ दातांना टेकून स्फोट, त्यांचा जीभ दातांत धरून घासून. अमेरिकन आर मात्र देव जाणे. तिसरीतल्या एका मुलासोबत मी सात महिने घालवलेत 'रॅबिट'वर.

कोल्हापुरी ठेचा | १३ मे, रात्री १०:४०

लै भारी. ससा नि मासा उद्या पोरांना करून दाखवतो.

ओहायोकर | १४ मे, सकाळी ७:३५

कुणी ओपीटीचं गणित मांडलं नाही अजून, मी आयटीवाला आहे पण आकडे दिसले की हात शिवशिवतात. (बायको याच क्षेत्रात, म्हणून नियम ऐकून पाठ.)

हे शिक्षण स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, तेव्हा दोन वर्षांची वाढ विसरा. १२ महिने म्हणजे १२ महिने. १० जून ते ९ जून. बेकारीचे ९० दिवस मिळतात. १५ ऑगस्टला शाळा सुरू झाली तर ६६ दिवस वापरले जातात, २४ उरतात. जमतं.

आता शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं, म्हणजे बरोबर ३६ आठवडे. एकही दिवस जादा नाही. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३५ तास. आणि ५० तास राबलीस तरी आठवडे घटत नाहीत, ३६ ते ३६च. सुट्ट्या धरून मे अखेरीस संपेल. हाती राहतात जेमतेम दीड-दोन आठवडे.

शिवाय राज्याचं तात्पुरतं लायसन्स. ओहायोत कंडिशनल, टेक्सासात इंटर्न, कॅलिफोर्नियात आरपीई, नाव वेगळं, भानगड तीच. ते हातात नसताना पेशंटला हात लावायचा नाही. एजन्सी "लगेच" म्हणते, ते लगेच लायसन्स आल्यावर.

मेरीलँडची माई | १४ मे, सकाळी ८:००

शाब्बास ओहायोकर. एक भर: एच-१बीचं (नोकरीच्या व्हिसाचं) ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी लक्षात ठेवा, आपल्याला व्हिसास्क्रीन हे प्रमाणपत्र लागतं, नर्सेसना लागतं तसंच. अमेरिकेत शिकलात तरी. आणि सरकारी शाळा म्हणजे व्हिसाच्या लॉटरीतून सुटका असं नाही, विद्यापीठाशी संलग्न इस्पितळं बहुधा सुटतात. आतापासून बघून ठेव.

नागपुरी संत्रा | १४ मे, सकाळी ११:१५

बे, एवढा व्याप करून तिथे राहायचं कशाला? आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन आहे, इथे ये, खोली घे, पाटी लाव. नागपुरात तीन महिन्यांची वेटिंग लिस्ट आहे.

गोदाकाठ | १४ मे, दुपारी १२:३०

संत्राभाऊ, वेटिंग खरी आहे, पण पाटी लावून पहिलं वर्ष एकट्याने काढणं काय असतं ते मी केलंय. आपल्याकडे बीएएसएलपीच्या चौथ्या वर्षी इंटर्नशिप असते. ती झाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही तज्ज्ञ. चूक झाली तर सांगणारं कुणी नाही. मी सुरुवातीला एका तोतऱ्या मुलाला 'हळू बोल, श्वास घे' सांगत राहिले वर्षभर. त्याचं तोतरेपण तसंच राहिलं, वर बोलायची भीती वाढली. आज तो मुलगा कुठे असेल, कधीकधी वाटतं. त्यांची ही देखरेखीची पद्धत कटकटीची असेल, मला हवी होती.

सरसरीत | १४ मे, रात्री ९:५५

ठकूबाईंची बाजू थोडी घ्यायची आहे आणि थोडी नाही.

मी इलिनॉयमध्ये नर्सिंग होममध्येच सीएफ केली. पहिल्या महिन्यात एक मराठी आजोबा आले, पक्षाघातानंतर. इंग्रजी जवळजवळ गेलेलं, मराठी तुकड्या-तुकड्यांत शाबूत. आधीच्या रिपोर्टात लिहिलेलं, 'आकलन अत्यंत कमी'. मी म्हटलं, "आजोबा, जेवलात का?" त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे... जेवण?" आकलन उत्तम होतं, विनोदबुद्धीही.

त्यांना घट्ट केलेलं पाणी द्यायचं होतं, ते तोंडात घेऊन थुंकायचे. मुलीने डब्यात वरण आणलं. माझी मेंटॉर म्हणाली, हे काय? मी म्हटलं, हे आमचं पहिलं आणि शेवटचं अन्न. मग आम्ही दोघींनी ते गाळून १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरलं, बोट काढलं, १० सेकंद मोजले. ६ मिली उरलं. ४ ते ८ उरलं की पातळी दोन, थोडं घट्ट, नेमकं त्यांना हवं तेवढं. थंड झाल्यावर आणखी घट्ट होतं, म्हणून पुन्हा मोजलं. मुलीला पाण्याचं प्रमाण लिहून दिलं. आजोबांनी वाटी संपवली.

पण हे जमलं कारण मेंटॉर शेजारी उभी होती. आजोबांना ठसका येत नव्हता. मी खूश. ती म्हणाली, ठसका न येणं ही चांगली खूण असेलच असं नाही. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि आवाजसुद्धा होत नाही. बाहेरून बघून कळत नाही, बेरियमचा एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण लागते. इमारतीत दोन्ही नव्हतं. वरण तिने दोन दिवस थांबवलं, तपासणीची गाडी मागवली, मग दिलं. मी एकटी असते तर मी तपासणीआधीच वाटी भरवली असती.

दोन इमारती, ९०% प्रॉडक्टिव्हिटी (आठ तासांत ७ तास १२ मिनिटं पेशंटसमोर, उरलेल्या ४८ मिनिटांत लिहिणं, चालणं, लघवी सगळं) आणि मेंटॉर दुसऱ्या शहरात? डिस्फेजियाची आवड आहे म्हणूनच तिथे एकटी जाऊ नकोस.

टेक्सासची ठकू | १४ मे, रात्री ११:४०

सरसरीत, वरणाचं वाचून गप्प बसले. माझ्या सीएफमध्ये असे दोन पेशंट होते ज्यांच्याबद्दल मला अजून खात्री नाही. एवढंच लिहिते.

शिक्क्याचं मत मात्र कायम आहे. शाळेत गेलीस तर शनिवारी-रविवारी कुठे तरी प्रौढांचं बघायला मिळतंय का शोध.

मेरीलँडची माई | १५ मे, सकाळी ६:४०

ठकू, हे लिहायला धीर लागतो. परवाचा चहा माफ.

(शनिवार-रविवारचं: ओपीटी चालेल, पण लायसन्सवर मेंटॉर आणि ठिकाण बांधलेलं असतं, आधी राज्याच्या बोर्डाला विचार.)

जिव्हाळा | २३ मे, रात्री ९:१५

उशीर झाला, क्षमस्व. शाळेने दुसऱ्या दिवशी मेंटॉरचं नाव, क्रमांक आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या तीन तारखा पाठवल्या. एजन्सीने लिहिलं, "मेंटॉर रुजू झाल्यावर नेमली जाईल." करारात एक कलमही सापडलं: वर्षाच्या आत सोडलं तर भरपाई माझ्याकडून. मेंटॉर न मिळाल्यामुळे सोडलं तर काय, विचारलं. अजून उत्तर नाही.

शाळेला हो म्हटलंय. बाबा दोन दिवस बोलत नव्हते. आज विचारलं, "त्या पंचावन्न पोरांची नावं पाठ करणार कशी?"

शेवंताचा भाऊ | ३० जून, दुपारी १२:१०

अवांतर पुन्हा. कान तपासले. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं होतं, ऐकू कमी येत होतं. उपचार चालू आहेत. गोदाकाठ ताई, आभार. घरी मराठीच. आजी आता फोनवर 'कावळा' इतक्या जोरात म्हणते की शेजारी विचारतात.

जिव्हाळा | १९ फेब्रुवारी, सायंकाळी ७:५०

धागा वर काढतेय, ओहायोकरांसाठी. तुमच्या गणितात एक गोष्ट नव्हती: बर्फ. जानेवारी-फेब्रुवारीत सात दिवस शाळा बंद. घरी बसलेले तास मोजत नाहीत. आज मेंटॉरसोबत कॅलेंडर घेऊन बसले, २८ मेला शाळा संपते तेव्हा आठवडे भरतात, तास १६ कमी पडतात. तिने मला पुढच्या वर्षीच्या बालवाडीच्या मुलांच्या तपासणीला घातलंय, जूनचा पहिला आठवडा. तोही पूर्ण पगारावर, कारण तिने मुख्याध्यापकांशी भांडून घेतला.

आणि हो, मेंटॉर आज 'र' चं सत्र बघायला आली होती. नंतर म्हणाली, तू त्या मुलाला उत्तर द्यायला वेळच देत नाहीस, विचारून दोन सेकंदांत स्वतःच बोलतेस. मी म्हटलं, नाही हो. तिने घड्याळ लावलं होतं. दीड सेकंद.

ओहायोकर | १९ फेब्रुवारी, रात्री ८:०५

बर्फ! ओहायोत नऊ वर्षं राहून बर्फ विसरलो. बायको हसतेय.

निवांत नाना | १९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

वाइनचं काय झालं शेवटी?

जिव्हाळा | १९ फेब्रुवारी, रात्री ८:४४

नाना, पहिलीतला एक मुलगा परवा माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस, ससा करायला विसरलात."